केमिकल पीलमधील शमनकर्म : क्षारकर्म जाणणाऱ्या वैद्यांसाठी

प्रतिसारणीय क्षाराचे कर्म ज्यांनी गुरुजनांच्या शेजारी उभे राहून शिकून घेतले आहे, त्यांच्या हाताला एक क्रम जडलेला असतो. अर्शाच्या मोडावर क्षार लावावा, शंभर मात्रांचा काळ थांबावे, मोड पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा झाला की लिंबाच्या रसाने धुऊन घ्यावा. सुश्रुताचार्यांनी अर्शचिकित्सेत धान्याम्ल, दधिमस्तु, शुक्त किंवा फलाम्ल यांनी प्रक्षालन करण्यास सांगितले आहे. आजच्या शस्त्रकर्मगृहात त्यांची जागा बहुधा लिंबाने घेतली, एवढाच फरक. शेकडो रुग्णांवर हे कर्म केल्यानंतर तो क्रम विचारावाचून घडू लागतो. कुशल हाताचे ते लक्षणच होय. तथापि हीच सवय एका वेगळ्या कर्मात रुग्णाच्या चेहऱ्यावर डाग ठेवून जाऊ शकते, याचा अनुभव मला माझ्याच चिकित्सालयात आला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्ही गालांवर व्यंग असलेली एक शिक्षिका माझ्याकडे उपचार घेत होती. अभ्यंतर औषधांबरोबर तिच्यावर ग्लायकोलिक आम्लाचे दोन पील करून झाले होते व तिला समाधानकारक उपशय होता. तिसऱ्या वेळी ३५ टक्क्यांचे द्रावण वापरले. त्याच सकाळी शेजारच्या खोलीत अर्शाच्या रुग्णावर क्षारकर्म ठरलेले होते आणि दोन्ही खोल्यांची तयारी एकाच परिचारिकेने केली होती. दोन मिनिटे होत आली, गालांवर सारखी लाली आली, नाकपुडीच्या कडेच्या खोबणीत पांढुरकी छटा दिसू लागली. मी न्यूट्रलायझर मागितला. ताईंनी वाटी पुढे केली. त्यात भिजवलेला गॉज मी गालावर टेकवला, पण फेस आला नाही. पुन्हा टेकवला, तरीही नाही. "डॉक्टर, आग वाढतेय," असे रुग्णा म्हणाली, आणि तेव्हा कुठे वास लक्षात आला. वाटीत लिंबाचा रस होता.

तिला उठवून बेसिनपाशी नेणे, पाण्याने चेहरा धुणे, मग सोड्याचे द्रावण शोधून आणणे यात दीड-दोन मिनिटे गेली. लिंबाच्या रसाने फार मोठी इजा केली असे नव्हे. जे शमन तत्क्षणी व्हावयास हवे होते ते झाले नाही, आणि वर आणखी एक आम्ल चोळले गेले. परिणामी दोन्ही नाकपुड्यांच्या कडेला खपली धरली, ती आठव्या दिवशी पडली आणि खाली काळसर डाग राहिला. तो फिका होण्यास पाच महिने लागले. डाग घालवण्यासाठी आलेल्या रुग्णेला आम्ही नवा डाग दिला होता. काय घडले ते मी तिला त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. ताईंना बोल लावणे सोपे होते. परंतु त्यांनी दहा वर्षे 'क्षार झाला की लिंबू' हेच पाहिले होते, आणि 'न्यूट्रलायझर' हा शब्द त्या लिंबाच्या वाटीसाठी आमच्याकडे वापरात आणणारा मीच होतो. वाटीत काय आहे हे न पाहता ती हाती घेणाराही मीच.

क्षारदग्ध आणि आम्लदग्ध

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. त्यात एक शंका उपस्थित केली आहे. क्षार हा तीक्ष्ण, उष्ण, अग्नीसारखा. अम्लरसही उष्णवीर्य आणि तीक्ष्ण. मग आगीसारख्या द्रव्याने आगीसारख्या द्रव्याचे शमन कसे होते? आचार्यांचे उत्तर असे की, क्षारात अम्ल सोडून इतर सर्व रस असतात. त्यांत कटु प्रधान व लवण त्याच्या खालोखाल. तीक्ष्ण लवणरसाचा अम्लाशी संयोग झाला की तो माधुर्य पावतो आणि तीक्ष्णपणा सोडून देतो. पाण्याने अग्नी शांत व्हावा तसा क्षार शांत होतो. यात सामू मोजण्याचे ज्ञान होते असे म्हणण्याचा मोह टाळावा. रस आणि गुण यांच्या भाषेत केलेले ते अचूक निरीक्षण आहे, आणि तेवढ्यानेही त्याचे मोल कमी होत नाही. आपल्या विषयासाठी त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, आचार्य तेथे अम्लाला सार्वत्रिक शामक म्हणत नाहीत. क्षारात जो रस नाही, तोच त्याच्या विरुद्ध उभा केला आहे. शमनद्रव्य हे दाहक द्रव्यावरून ठरते.

केमिकल पीलमध्ये दाहक द्रव्य आम्ल असते. म्हणजे येथे सारे उलट आहे. आम्लाने त्वचेतील प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थर काही अंशी पुढच्या आम्लाची वाट अडवतो; क्षाराने ऊतक विरघळत जाते आणि इजा खोल उतरत राहते. म्हणून क्षारकर्मात प्रक्षालन कधीही वगळता येत नाही. पीलच्या बाबतीत मात्र काही आम्लांना शमन आवश्यक, काहींना अनावश्यक आणि काहींना निरुपयोगी आहे. 'पील झाले की न्यूट्रलायझर लावा' एवढेच वाक्य एक-दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गातून बाहेर पडते, ते अपुरे आहे.

एक गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. त्याच अध्यायात प्रतिसारणीय क्षाराच्या विषयांमध्ये तिलकालक, न्यच्छ आणि व्यंग यांची गणना आहे. त्वचेचा वरचा थर जाणीवपूर्वक काढून वर्ण सुधारण्याची कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. तिचे आधुनिक रूप युरोपात आकाराला आले. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांच्या त्वचेवरील क्रियेचे वर्णन केले. ग्लायकोलिक आम्लाच्या गटाकडे लक्ष वेधले गेले ते पुष्कळ नंतर, व्हॅन स्कॉट आणि यू यांच्या १९७४ सालच्या लेखामुळे.

कोणत्या आम्लाचे शमन कसे

ग्लायकोलिक आम्लाची क्रिया आपणहून थांबत नाही. जोवर ते त्वचेवर आहे तोवर ते आत शिरत राहते. त्यामुळे वेळ मोजणे आणि ठरल्या क्षणी त्याचे शमन करणे हा या पीलचा प्राण होय. बाटलीवरील टक्केवारीवर विसंबू नये. ३.८३ सामूला या आम्लाचा निम्मा भाग मुक्त, म्हणजे कार्यकारी, स्वरूपात असतो. सामू एकाने खाली, २.८३ वर आला तर सुमारे ९१ टक्के मुक्त होतो आणि एकाने वर गेला तर जेमतेम ९ टक्के उरतो. तात्पर्य, '३५ टक्के' असे लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या बाटल्या त्वचेवर एकसारख्या वागतीलच असे नाही. १९९८ साली अमेरिकेतील कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञ मंडळाने या गटातील आम्लांच्या मर्यादा ठरवल्या, तेव्हा घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत व सामू ३.५ किंवा अधिक, तर सलूनमधील अल्पकालीन वापरासाठी ३० टक्क्यांपर्यंत व सामू ३ किंवा अधिक, अशी दोन्हींची जोडी सांगितली होती. ज्या बाटलीवर सामू छापलेला नाही ती विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅक्टिक आणि मँडेलिक आम्लांनाही हाच नियम लागू आहे. मँडेलिकचा रेणू मोठा असल्याने ते सावकाश शिरते, एवढाच दिलासा.

सॅलिसिलिक आम्लाची गोष्ट निराळी. ते मद्यार्कात विरघळवलेले असते. मद्यार्क उडून गेला की आम्लाचे पांढरे स्फटिक त्वचेवर बसतात आणि आत शिरण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. या पांढरेपणाला पाहून नवशिका घाबरतो व सोडा शोधू लागतो. पण ओल्या गॉजने पुसला की तो निघून जातो, आणि पाण्याने धुणे पुरेसे असते. येथे खरी दक्षता अन्यत्र आहे. ॲस्पिरिन न सोसणाऱ्या रुग्णास हे पील देऊ नये, आणि एकाच वेळी पाठ, छाती असे विस्तृत क्षेत्र घेऊ नये. रक्तात पुरेसे सॅलिसिलेट शोषले गेले तर कानात आवाज, मळमळ, जलद श्वास ही लक्षणे उद्भवतात. जेसनरच्या द्रावणात रिसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल प्रत्येकी १४ भाग असतात. त्यालाही शमनद्रव्य लावत नाहीत, थर किती द्यावयाचे यावरच त्याची खोली ठरते.

ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. हे तीव्र आम्ल त्वचेतील प्रथिने गोठवते आणि त्या क्रियेतच स्वतः खर्ची पडते. गोठलेली प्रथिने म्हणजेच त्वचेवर दिसणारा तो पांढरा तुषार. हा स्फटिकांसारखा पुसून जात नाही, आणि तो पुसण्याचा प्रयत्नही करू नये. तुषार दिसला म्हणजे क्रिया घडून गेली. त्यानंतर सोड्याचे द्रावण ओतून ती मागे घेता येत नाही. थंड पाण्याच्या घड्यांनी रुग्णास बरे वाटते, म्हणून त्या ठेवाव्यात, पण त्याला शमन समजू नये. या आम्लाची सुरक्षितता लावण्यापूर्वीच ठरते: टक्केवारी किती, गॉज किती पिळलेला, थर किती. ज्याचे शमन आपल्या हाती नाही ते द्रव्य आपल्या हाती असावे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. मी ते ठेवत नाही. तशी गरज असलेल्या रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो.

फिनॉलचा उल्लेख केवळ दूर राहण्यासाठी. ते त्वचेतून रक्तात जाते, हृदयाची लय बिघडवू शकते, आणि आपल्याकडील सावळ्या त्वचेस कायमचा पांढरेपणा आणू शकते. बारावीच्या प्रयोगशाळेतील परीक्षण स्मरावे: कार्बोनिक आम्लापेक्षाही दुर्बल असल्याने फिनॉल सोडियम बायकार्बोनेटबरोबर फसफसत नाही. अर्थात आपला नेहमीचा सोडा त्याच्यापुढे निकामी आहे.

सोडा कोणता, किती

सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या वर जातो आणि पीलने आधीच सोललेल्या त्वचेवर तो स्वतःच क्षारदग्ध करील. बेकिंग पावडर हे तिसरेच मिश्रण असून त्यात कोरडे आम्ल मिसळलेले असते. किराणा दुकानातून 'सोडा' एवढेच सांगून पुडी आणवणाऱ्या चिकित्सालयात यांपैकी काहीही येऊ शकते. औषधालयातून नाव वाचून, मोहोरबंद पाकीटच आणावे.

पुस्तकांत १० ते १५ टक्क्यांचे द्रावण सांगितलेले आढळते. वस्तुतः २० अंश तापमानाच्या १०० मिलीलीटर पाण्यात सुमारे ९.६ ग्रॅमच बायकार्बोनेट विरघळते. त्याहून अधिक घातलेले कण तळाशी राहतात, गॉजबरोबर चेहऱ्यावर येतात आणि नाजूक झालेल्या त्वचेवर वाळूसारखे घासतात. माझा प्रघात ८ टक्क्यांचा आहे. जंतुरहित करण्याच्या हेतूने हे द्रावण उकळू नये. उष्णतेने बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊ लागते, म्हणजे खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो. पाणी उकळून पूर्ण निववावे, मग त्यात सोडा विरघळवावा, आणि द्रावण त्याच दिवशी संपवावे.

किती लागेल याचा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. ग्लायकोलिक आम्लाचा रेणुभार ७६ आणि बायकार्बोनेटचा ८४. एका रेणूस एक रेणू लागतो. चेहऱ्यावर ३५ टक्क्यांचे २ मिलीलीटर द्रावण लावले तर त्यात ०.७ ग्रॅम आम्ल असते, त्यास सुमारे ०.७७ ग्रॅम बायकार्बोनेट हवे, म्हणजेच ८ टक्क्यांचे जवळजवळ १० मिलीलीटर द्रावण. ७० टक्क्यांसाठी हेच प्रमाण दुप्पट. एका ओल्या गॉजने चेहरा पुसून काम भागले असे मानणाऱ्यांना यावरून कल्पना यावी. गॉजमधून गळून जाणारा भाग धरता १०० मिलीलीटर द्रावण आणि त्याखेरीज भरपूर साधे पाणी हाताशी हवे. सोडा मिळालाच नाही तर वाहत्या थंड पाण्याने दीर्घकाळ धुणे हे उत्तम शमन आहे. त्या सकाळी मी सोडा शोधण्यात जे क्षण घालवले, ते पाण्यापाशीच घालवावयास हवे होते.

प्रत्यक्ष कर्म

आम्लाची बाटली उघडण्यापूर्वी शमनद्रव्य ओतून तयार असावे व चिकित्सकाने ते स्वतः पाहिलेले असावे. आमच्याकडे आता द्रावणाचा एक थेंब व आम्लाचा एक थेंब काचपट्टीवर एकत्र करून फेस येतो की नाही हे रुग्णासमोर पाहिले जाते. दहा सेकंदांचे काम आहे. त्याच दिवशी क्षारकर्म असेल तर लिंबाचा रस या खोलीत येत नाही.

डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खोबणी आणि ओठांच्या कडा येथे द्रव साचतो व त्वचाही पातळ असते. तेथे आधीच व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. आम्ल लावताना कपाळापासून प्रारंभ करून या जागा शेवटी घ्याव्यात. शमन करताना मात्र क्रम उलटा, प्रथम याच जागा. अपेक्षित लक्षण म्हणजे सौम्य, सारखी लाली. एखाद्या ठिकाणी करडी-पांढरी छटा दिसली तर घड्याळात कितीही वेळ उरला असो, त्या ठिकाणचे शमन तत्काळ करावे. सुश्रुतोक्त सम्यक्, हीन व अतिदग्ध हे भेद येथे उपयोगी पडतात; मात्र लक्षणे आम्लाची घ्यावीत, क्षाराची नव्हेत. क्षारकर्मात कृष्णता ही सम्यक् दग्धाची खूण आहे. चेहऱ्यावरील पीलमध्ये कृष्णतेची वाट पाहणारा वैद्य रुग्णाचे मोठे नुकसान करून बसेल.

द्रावण लावताच फेस येतो आणि क्षणभर चुणचुण वाढते. रुग्णास याची पूर्वकल्पना द्यावी. फेस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा नवे द्रावण टेकवावे, घासू नये. फेस थांबणे हीच शमनाची खूण. त्यानंतर साध्या पाण्याने धुवावे. रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी येत असेल तर ते सतत टिपावे, कारण अश्रूंबरोबर आम्ल डोळ्यात शिरते अथवा मानेवर ओघळते.

आम्ल डोळ्यात गेलेच, तर तेथे सोड्याचे द्रावण घालू नये. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून, पापण्या उघड्या धरून सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा व लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. क्षार नेत्रांवर वापरू नये, वर्त्मरोग तेवढा अपवाद, हा आचार्यांचा निषेध येथेही जसाच्या तसा लागू पडतो.

अलीकडे आणखी एक प्रकारचा रुग्ण येऊ लागला आहे: ऑनलाइन मागवलेल्या बाटलीने घरीच पील करून भाजून घेतलेला. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा तीव्र आम्लांच्या बाटल्या वैद्यकीय देखरेखीवाचून वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला. असा रुग्ण दूरध्वनी करतो तेव्हा आम्ल कोणते हे त्याला बहुधा सांगता येत नाही. त्यास घरातील सोडा, लिंबू, दही यांपैकी काहीही लावू न देता वाहत्या पाण्याखाली उभे करावे, आणि बाटली बरोबर घेऊन निघण्यास सांगावे.

शमनोत्तर उपचारांत आपण वैद्य थोडे अधिक उत्साही असतो. क्षारकर्मानंतर घृत व मधू सांगितले आहे, म्हणून पीलनंतर लगेच लेप लावण्याचा मोह होतो. लाल झालेल्या परंतु अखंड त्वचेवर चांगले सिद्ध झालेले, ताजे शतधौत घृत मी वापरतो व त्याने दाह उपशम पावतो. साल निघून ओलसर झालेल्या जागी मात्र घरगुती लेप, हळद, लिंबूयुक्त उटणे वा कुठलेही चूर्ण लावू नये. तेथे साधे व्हॅसलीन आणि स्वच्छता पुरेशी आहे. उन्हापासून रक्षण अनिवार्य. आपल्या प्रदेशातील त्वचा इजेनंतर काळी पडण्याकडे झुकते, आणि शमनास झालेला दोन मिनिटांचा विलंब काही महिन्यांचा डाग कसा देतो हे वर आलेच आहे. ओठांवर वारंवार नागिणीसारखे फोड येण्याचा पूर्वेतिहास, गर्भावस्था, चेहऱ्यावरील उघडा व्रण, चालू असलेली रेटिनॉइड मलमे यांची चौकशी कर्मापूर्वीच झालेली असावी.

रुग्णपत्रिकेत आम्लाचे नाव, टक्केवारी, सामू, बाटलीचा क्रमांक, लावण्याची व शमनाची वेळ सेकंदांसह लिहावी, आणि वाटीतील शमनद्रव्य कोणी तपासले त्याची सही घ्यावी. दुसऱ्या दिवशी रुग्णास दूरध्वनी करावा. सूज वाढणे, पाण्याने भरलेले फोड, पिवळसर स्राव किंवा वेदना वाढत जाणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी पाहावे, आणि चोवीस तासांत उतार न दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.